नाव तेवढं कुणी नेलं नव्हतं

फेब्रुवारीचा दुसरा आठवडा उजाडला की सिडनीतल्या आमच्या क्वेकर्स हिलच्या भाजीवाल्याच्या दाराशी टोमॅटोच्या पेट्यांची चळत लागते. लांबट, अंड्याच्या आकाराचे, खास सॉससाठी पिकवलेले टोमॅटो. देठांचा तो उग्र, हिरवा वास उन्हात तापून रस्त्यापर्यंत येतो. एरवी मी भाजीला गेले की पंधरा मिनिटांत बाहेर पडते, पण या पेट्यांपाशी पाय अडखळतातच. परवाही अडखळले. दुकानदार म्हणाला, "सॉस करणार का यंदा? दहा पेट्या घेतल्या तर घरपोच देतो." मी नाही म्हटलं, अर्धा किलो भेंडी घेतली आणि गाडीत येऊन एसी लावून उगीचच बसून राहिले.

शेजारच्या गराजमध्ये मी चार उन्हाळे टोमॅटो कापले. त्यातले तीन आता एकमेकांत मिसळून गेलेत. कुठल्या वर्षी यंत्राचा पट्टा तुटला, कुठल्या वर्षी फायर बॅन लागला म्हणून चूल पेटवता आली नाही आणि गॅसचा बर्नर आणावा लागला, हे मला नीट सांगता यायचं नाही. चौथा मात्र अख्खा लक्षात आहे, अगदी नको तितका. त्या उन्हाळ्यात मी बदामाची एक गोड वस्तू केली आणि तिच्यापायी एक आजोबा आपल्या दहा दिवसांच्या नातवाला हात लावेनासे झाले. पुढे मीच खटपट करून दोघांना जवळ आणलं. पण ज्या एका वाक्याच्या जोरावर आणलं ते वाक्य खोटं होतं, आणि ते खोटं माझ्या स्वतःच्या घरातलं होतं. गेली तीन वर्षं टोमॅटो आले की ते घशाशी येतं.

ते आजोबा म्हणजे आमचे शेजारी साल्वातोरे. सगळं जग त्यांना साल्वो म्हणायचं, मी साल्वो अंकल. विशीत सिसिलीहून बोटीनं आले, आधी रेल्वेचे रूळ टाकले, मग जवळच्या स्कोफिल्ड्सला टोमॅटोचा मळा केला. मळ्यावर घरांचे प्लॉट पडले तेव्हा उरलासुरला मळा त्यांनी इथल्या मागच्या अंगणात आणून लावला. आम्ही राहायला आलो त्याच आठवड्यात कुंपणावरून एक टोपली पुढे आली आणि तिच्यामागून त्यांची टोपी.

"तुमचे लोक हे खातात?"

टोपलीत वांगी होती. मी म्हटलं, "खातात म्हणजे काय! भाजून भरीत करतो आम्ही."

"गुड. हे आमच्याकडे अरबांनी आणलं," ते म्हणाले. असं म्हणाले की वाटावं, अरब गेल्या मंगळवारीच येऊन गेलेत.

आमचं बोलणं व्हायचं ते दोघांच्याही मोडक्यातोडक्या इंग्रजीत. त्यांची साठ वर्षांची जुनी, माझी वसईची. इथे मी ते मराठीत लिहिते आहे, पण त्यांचं बोलणं मला अजून त्यांच्याच आवाजात ऐकू येतं, प्रत्येक शब्दाच्या शेवटी एक जास्तीचा स्वर लावलेलं.

सॉसचा दिवस म्हणजे सकाळी सहाला सुरुवात. पश्चिमेचा गरम वारा सुटायच्या आत निम्मं काम उरकायचं. पत्र्याच्या टबांत टोमॅटो धुवायचे, मधोमध कापायचे, उकळी आणायची, मग यंत्रात घालायचे. यंत्राच्या एका तोंडातून लाल रस, दुसऱ्यातून साल आणि बी. वर्षभर जमवलेल्या बिअरच्या लांब मानेच्या बाटल्या धुऊन उपड्या घातलेल्या असायच्या. प्रत्येकीत तुळशीच्या जातीचं एक पान टाकायचं, रस भरायचा, हातयंत्रानं बूच दाबायचं आणि सगळ्या बाटल्या जुन्या चादरींत गुंडाळून पिंपात उकळायला ठेवायच्या. कोपरापर्यंत हात लाल, बोटांची सालं निघालेली, झाडावर सिकाडा किड्यांची किरकिर आणि तारेवर काकाकुव्यांची भांडणं. आणि यंत्राचं चाक फिरवत साल्वो अंकलचा इतिहासाचा तास.

पेटीमागे एक राज्य, असा त्यांचा हिशोब. पहिल्या पेटीला ग्रीक, त्यांनी द्राक्षं आणि नाटकं दिली. मग रोमन, त्यांनी गहू नेला. नेला आणि नेतच राहिले. मग उत्तरेचे रानटी लोक, मग बायझंटाइन. मग अरब. अरबांवर आले की अंकलचा हात हळू व्हायचा. लिंबं, संत्री, ऊस, पाण्याचे पाट, बदामाची मिठाई, सगळं त्यांचं. मग नॉर्मन आले, "म्हणून माझ्या आईचे डोळे निळे." मग जर्मन राजे, मग फ्रेंच. त्या फ्रेंचांना लोकांनी ईस्टरच्या सुमारास एका संध्याकाळी कापून काढलं, हे सांगताना ते टोमॅटो जरा जोरात दाबत. मग स्पॅनिश, त्यांनी हा टोमॅटो आणला. "आणि शेवटी आली इटली," ते म्हणायचे. "उत्तरेकडून. म्हणे तुम्ही आता स्वतंत्र झालात. आमच्या पणज्याला कळलंच नाही कशापासून." लहानपणी त्यांनी अमेरिकेचे रणगाडे गावात शिरताना पाहिले होते. सैनिकानं च्युइंगगम दिलं, ते त्यांनी गिळलं, आणि आईनं एरंडेल पाजलं. तेवढ्या एका लढाईचे ते स्वतः साक्षीदार.

मला हे सगळं फार ओळखीचं वाटायचं. मी वसईची. आमच्याकडेही पेटीमागे एक राज्य सांगता येईल. गुजरातचा सुलतान, मग पोर्तुगीज, मग मराठे, मग इंग्रज. पोर्तुगीजांनी धर्म दिला, पाव दिला, आडनावं दिली. मराठ्यांनी किल्ला घेतला तेव्हा आमच्या चर्चच्या घंटा काढून नेल्या आणि देवळांत बांधल्या, अजून वाजतात म्हणे. शाळेत इतिहासाच्या तासाला वसईच्या विजयाचा धडा होता. बाई रंगात येऊन शिकवायच्या, सुरुंग उडायचा, बुरूज पडायचा, वर्ग टाळ्या वाजवायचा. मीही वाजवायचे. मग एकदम लक्षात यायचं की पडलेल्या बुरुजाच्या आतल्या बाजूलाही आमचेच कुणीतरी असणार. मी एकदा उभं राहून विचारलं, "बाई, आम्ही जिंकलो का हरलो?" बाईंना वाटलं मी चेष्टा करते आहे. मला बाकावर उभं केलं.

हे मी साल्वो अंकलना सांगितलं तेव्हा ते इतके हसले की चाक थांबवून डोळे पुसावे लागले. "तू सिसिलियन आहेस," म्हणाले.

त्यांच्या खिडकीत एक दगड असायचा, एका बाजूनं घासून धार काढलेला, तळहाताएवढा. स्कोफिल्ड्सला नांगरताना सापडलेला. "आमच्या गावात खणलं की ग्रीक मडकं निघतं. इथे हे निघालं. तेव्हाच कळलं, इथेही कुणीतरी आधी होतं आणि हरलं." माझा मुलगा रायन तेव्हा चौदाचा होता. शाळेत रोज प्रार्थनेसारखं म्हणून इथल्या मूळच्या दारुग लोकांच्या भूमीचं ऋण मान्य करायचे, त्यामुळे त्याला हे पाठ होतं. दगड हातात फिरवत म्हणाला, "सो व्हॉट आर वी, मम्मी? लाइक, द नेक्स्ट लॉट?" मी म्हटलं, टोमॅटो काप.

आता नावाचं सांगायला हवं. सिसिलीत पहिल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव ठेवायचं, यात विचारण्यासारखं काही नसतं. साल्वोंच्या आजोबांचं नाव साल्वातोरे, वडिलांचं ज्युझेप्पे, म्हणून हे साल्वातोरे, म्हणून यांचा एकुलता मुलगा पुन्हा ज्युझेप्पे, इथला ज्यो. दोन पायांनी चालावं तशी दोन नावं आलटून पालटून चालत आलेली. आमच्या वसईतही हेच. माझा नवरा आंतोन, त्याचे वडील पास्कू, त्यांचे वडील आंतोन. घरातला पहिला पास्कू पोर्तुगीजांच्या पाश्कोआच्या, म्हणजे ईस्टरच्या दिवशी जन्मला होता म्हणतात. तेव्हापासून नाव खाली उतरत आलं ते थेट माझ्यापर्यंत, आणि माझ्यापाशी थांबलं.

मीच थांबवलं. रायन झाला तेव्हा हॉस्पिटलच्या खोलीत आंतोननं एकदाच, दबक्या आवाजात, "पास्कू..." असं म्हटलं होतं. मी म्हटलं, "आंतोन, प्लीज. शाळेत हजेरीला कसं वाटेल त्याला? म्हाताऱ्याचं नाव आहे ते." आंतोन भांडणारा माणूस नाही. संध्याकाळी वसईला फोन लावला आणि मी सांगून टाकलं, नाव रायन. मग सासरे म्हणाले, "बरंय. सोपं आहे." झालं. माझा जीव भांड्यात पडला. मी मनात म्हटलं, बघ, किती समजूतदार माणूस.

साल्वो अंकलनी गृहीतच धरलं होतं की रायन हे सासऱ्यांचं नाव. एकदा यंत्राच्या घरघरीत त्यांनी विचारलं, "रायन, आजोबांच्या नावाचा, नाही का?" मी मान हलवली. आपली ती प्रसिद्ध मान, जिचा हो का नाही हे समोरच्यानं ठरवायचं. त्यांनी हो ठरवलं.

त्या चौथ्या उन्हाळ्यात ज्योला मुलगा झाला. साल्वो अंकल कुंपणाशी आले ते नाचतच. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती, तेव्हापासून इतकं बोलताना मी त्यांना ऐकलं नव्हतं. "बॉय! बॉय!" एवढंच म्हणत होते. सॉसच्या दिवशी ज्यो आणि त्याची बायको ब्रूक बाळाला पहिल्यांदा घेऊन येणार होते. नाव काय ठेवलं, हे मी विचारलं नाही. कशाला विचारू? वसईच्या बाईला पहिल्या नातवाचं नाव विचारावं लागत नाही. तिला आजोबांचं नाव माहीत असलं की पुरे.

मी दोन दिवस खपून मार्झिपान केलं. आमच्याकडे नाताळला नि ईस्टरला करतात ते, पोर्तुगीजांनी शिकवलेलं. बदाम भिजवून सोलले, वाटले, साखरेच्या पाकात घोटले, गुलाबपाणी घातलं. मग साचे बाजूला ठेवून हातानं अक्षरं वळली. साल्वातोरे. गुलाबी, पिवळी, पिस्ता रंगाची, टोकांना चांदीचा वर्ख. आंतोन म्हणाला, "अगं, त्यांनी नाव सांगितलंय का तुला?" मी म्हटलं, "तुला काही कळतं का?"

सकाळी दहाच्या सुमाराला ताट घेऊन मी गराजमध्ये गेले. ज्यो होता, ब्रूक बाळाला खांद्यावर थोपटत होती, अंकल हात धुऊन, टॉवेलनं पुसून, बाळाला घ्यायला पुढे होत होते. मी मधेच ताट टेबलावर ठेवलं आणि वरचं फडकं काढलं. अंकलनी आधी एक अक्षर उचलून वास घेतला. "रेआले," म्हणाले. राजेशाही. त्यांच्याकडे त्या मिठाईला तेच म्हणतात. डोळे भरून आले त्यांचे. मग त्यांनी सगळं नाव वाचलं, बोटानं एकेक अक्षर दाखवत, आणि बाळाकडे वळून मोठ्यानं हाक मारली.

ज्यो टोमॅटोच्या टबाकडे बघत होता. ब्रूक लाल झाली. "ओ, जॅसिंटा," ती मला म्हणाली, "दॅट्स सो लव्हली ऑफ यू, बट... वी वेअर गोइंग टू टेल हिम टुडे. ही इज कूपर."

आज आठवलं तरी माझे कान तापतात. जेवणानंतर, वाइनच्या ग्लासाबरोबर, हळूच, एकट्यात सांगायचं म्हणून ती दोघं ठरवून आली होती. ज्योनं बहुधा शब्दही जुळवले असतील. मी त्यांच्या आधी आले आणि ते नाव टेबलावर मांडून ठेवलं, जे तिथे नव्हतंच.

साल्वो अंकलनी पुढे केलेले हात मागे घेतले. टॉवेलनं पुन्हा पुसले, कोरडे असूनही. "बाटल्या भरायच्या आहेत," म्हणाले, आणि यंत्राकडे गेले. बाळ रडलं, हसलं, झोपलं, पण त्यांनी मान वळवली नाही. ज्यो एकदा "पपा" म्हणाला. तेव्हा ते त्यांच्या भाषेत एकच वाक्य बोलले. त्यानंतर ज्योनं पिशवी उचलली आणि तिघं निघून गेली. मी विचारलं नाही, पण मला वाटतं ते असं काहीतरी असावं, की माझ्या ओळखीचं इथे कुणी आलेलं नाही.

मग मार्च गेला. ज्यो फोन करायचा, ते उचलायचे नाहीत. मी दर शनिवारी काही ना काही घेऊन जायचे आणि विषय काढायचे. ऑस्ट्रेलियात सगळे असंच करतात अंकल, आजकाल असंच असतं अंकल. मनातून मात्र मी ब्रूकवर दात खाऊन होते. बाईनं एवढंसंही मन राखू नये म्हाताऱ्याचं! साल्वातोरे ठेवायचं आणि घरी हवं ते म्हणायचं, काय अंगाला भोकं पडणार होती का? हे मी आंतोनला सुनावलं. तो भात वाढून घेत होता. म्हणाला, "हं." फक्त हं. आणि माझ्याकडे बघितलं नाही.

त्या हंनं मला स्वस्थ बसू दिलं नाही. मी रक्ततपासणीच्या केंद्रात काम करते. दिवसभर येणाऱ्या प्रत्येकाला आधी पूर्ण नाव विचारायचं, जन्मतारीख विचारायची, मगच सुई टोचायची. शंभर माणसं येतात, आणि शंभर वेळा मी ऐकते की नाव सांगताना माणूस क्षणभर का होईना ताठ बसतो. ते मी कधी मनावर घेतलं नव्हतं. त्या आठवड्यात घेतलं.

एप्रिलमध्ये, ईस्टरच्या आदल्या शनिवारी, मी अंकलकडे गेले तेव्हा ते स्वयंपाकघरात बसले होते. सकाळचं ऊन टेबलावर आलं होतं. ते स्वतःहूनच बोलायला लागले.

"सगळे आले, जासिंता. गहू नेला, मीठ नेलं, पोरं सैन्यात नेली. आमच्याकडून प्रार्थना बदलून घेतल्या, भाषा बदलून घेतल्या. एवढ्यांतल्या एकानंही माझ्या आजोबाचं नाव मागितलं नाही. त्यांना ते नकोच होतं. आणि माझ्या मुलानं ते कुणी न मागता देऊन टाकलं. कुणाला दिलं? इथे तर कुणी तलवार घेऊन उभंही नव्हतं."

माझ्याच्यानं बसवेना. मी म्हटलं, "अंकल, मला तुम्हाला काही सांगायचंय. माझ्या सासऱ्यांचं नाव रायन नाही."

त्यांना आधी कळलंच नाही. मी सगळं सांगितलं. पास्कू, आंतोन, पास्कू, आंतोन, हॉस्पिटल, हजेरी, म्हाताऱ्याचं नाव. "तुमच्याकडे ब्रूक आहे ना, तशी त्यांच्याकडे मी आहे," म्हटलं. बोलता बोलता मला रडू आलं, आणि ते खरं रडू होतं, त्यांना वळवायला काढलेलं नव्हतं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नव्हे. मी त्यांना पहिल्यांदाच भेटतेय असं. मग त्यांनी विचारलं, "आणि तो? तुझा सासरा? तो काय म्हणाला?"

"म्हणाले, बरंय, सोपं आहे. आणि दर रविवारी फोन करतात. एकही रविवार चुकवत नाहीत."

"मुलाला नावानं हाक मारतो? ते नवीन नाव घेतो तो तोंडात?"

मी तोंड उघडलं आणि त्या क्षणी मला कळलं. चौदा वर्षांचे रविवार डोळ्यांपुढून गेले. बाबू कसा आहे. बाबूला दे. बाबूची परीक्षा कधी. बाबूला थंडी वाजत नाही ना. एकदाही नाही. त्या माणसानं माझ्या मुलाचं नाव एकदाही उच्चारलं नव्हतं, आणि दर आठवड्याला फोन हातात धरूनही मला ते ऐकू आलं नव्हतं.

"घेतात की," मी म्हटलं. "दर रविवारी. रायन कसा आहे, म्हणूनच सुरुवात करतात."

साल्वो अंकलनी मान खाली घातली. टेबलावरचे पावाचे कण बोटानं गोळा केले. "मग तो माझ्यापेक्षा मोठा माणूस आहे," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी, ईस्टरच्या रविवारी, मी चर्चमधल्या मिस्साहून आले तर त्यांची गाडी दारात नव्हती. सॉसच्या सहा बाटल्या घेऊन ते ज्योकडे गेले होते. संध्याकाळी परत आल्यावर कुंपणाशी येऊन म्हणाले, "कूपेर. पाच किलो वजन आहे. माझ्या आईचे डोळे आहेत." त्यानंतर जवळजवळ दर रविवारी जायचे. मी जिंकल्यासारखी हिंडत होते. आंतोनलाही सांगितलं, खोटं काय बोलले ते सोडून.

पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात त्यांना उभं राहवेना, सॉस झाला नाही. त्या हिवाळ्यात ते गेले. चर्चबाहेर ब्रूक मला मिठी मारून म्हणाली, तुला एक सांगायचं होतं. पहिल्यांदा आले त्या दिवशी त्यांना ते नाव बोलवेना. बाहेर गाडीत बसून म्हणत होते, एकटेच, किती तरी वेळ. मी खिडकीतून बघत होते. मग आत येऊन म्हणाले, इंडियातला तो म्हातारा करू शकतो तर मीही करू शकतो. "प्लीज थँक हिम फॉर अस," ब्रूक म्हणाली. "युअर फादर-इन-लॉ." तिच्या कडेवर कूपर होता, निळ्या डोळ्यांचा, आणि माझ्या कानातलं ओढत होता. मी म्हटलं, "येस. ऑफ कोर्स."

ते आभार मी अजून पोचवलेले नाहीत. कसे पोचवू? ज्या मोठेपणाबद्दल ते होते, तो मीच बनवून त्या माणसाच्या नावावर चढवला होता. साल्वो अंकल गाडीत बसून स्वतःशी झगडले ते एका नसलेल्या माणसाच्या बरोबरीला यायला. ते मात्र खरोखर आले. मला याचं समाधान वाटायला हवं, पण रात्रंदिवस डाचतं ते वेगळंच. मी एका म्हाताऱ्याची समजूत काढायला दुसऱ्या म्हाताऱ्याचं दुःख झाकून टाकलं. आधी नाव घेतलं, मग दुःखही घेतलं.

शेजारचं घर विकलं गेलं. आता तिथे एक पंजाबी कुटुंब आहे, चांगली माणसं आहेत. गराजमध्ये जिम आहे.

परवा भेंडी घेऊन आले तो शनिवार होता. रविवारी दुपारी तीनला फोन वाजला. वसईत तेव्हा सकाळची मिस्सा आटोपून सासरे व्हरांड्यात बसतात. ब्याऐंशीचे आहेत, आवाज अजून खणखणीत.

"बोल बाय. कशी आहेस? बाबू काय करतो?"

"पप्पा, एक विचारू?"

"विचार की."

"तुम्ही रायनला रायन का म्हणत नाही?"

पलीकडे कावळा ओरडत होता. कुणीतरी मोटरसायकल चालू केली, ती लांब जाईपर्यंत ते थांबले.

"लक्षात आलं तुझ्या?" म्हणाले. आवाजात राग नव्हता. जरासं नवल होतं.

"तुम्हाला पास्कूच हवं होतं ना?"

"नाही गं बाय. पास्कूचं काय एवढं. मला स्वतःला ते लहानपणी आवडायचं नाही, पोरं चिडवायची." मग म्हणाले, "तू विचारलं असतंस ना, तर मीच म्हटलं असतं, रायन ठेव. चांगलं नाव आहे. पण तू फोन केलास तो सांगायला."

मी ओट्याला टेकले. आंतोन दारात येऊन उभा राहिला होता, त्याला ऐकू जात होतं की नाही माहीत नाही.

"सॉरी, पप्पा," मी म्हणायला गेले.

"असू दे, असू दे," ते म्हणाले, माझा शब्द पुरता बाहेर पडायच्या आतच. रायनच्या नावाला 'बरंय, सोपं आहे' म्हणाले होते, अगदी त्याच सवयीनं.